भाऊसाहेबांच्या झोपेसाठी

नोकरीतली शेवटची काही वर्षं मी झोप या विषयावर काम केलं, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "सरकारी नोकरी होती का?" नव्हती. परभणीहून मानवतकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खाजगी फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवत होते. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, ते पाहायचं शास्त्र. औषध बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे आणि घेऊन पस्तावणारे वेगळे. आम्ही या सगळ्यांच्या मधे पांढरा कोट घालून उभे.

संशोधनाचा निर्णय माझा नव्हता. वरून फर्मान आलं की प्रत्येक विभागानं संशोधन केलंच पाहिजे, नाहीतर कॉलेजचा दर्जा घसरेल. दर्जा घसरायला आधी तो कुठंतरी वर असावा लागतो, हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही. मुकाट्यानं विषय निवडला. झोपेशी संबंधित एक पेप्टाइड.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, प्रथिनाचा तुकडा म्हणा. याच्या साखळीत अवघ्या नऊ कड्या. बऱ्याच वर्षांपूर्वी युरोपातल्या शास्त्रज्ञांनी सशांना झोपवलं, त्यांच्या मेंदूकडून येणारं रक्त काढलं, त्यातला अर्क जाग्या सशांना दिला. त्या सशांच्या मेंदूत गाढ झोपेत येतात तशा संथ लहरी उठल्या. झालं, त्या पदार्थाचं नाव 'डेल्टा झोप आणणारं पेप्टाइड' असं ठेवलं. बारसं थाटात झालं. पुढे जगभर तपासण्या झाल्या तेव्हा कुठं झोप आली, कुठं आली नाही, कुठं काहीच झालं नाही. शरीर ते नेमकं कसं तयार करतं आणि मेंदूत ते कुठं जाऊन बसतं, याचा आजही धड पत्ता नाही. रक्तात गेलं की काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात. म्हणजे नावात झोप आहे. कामात आहे की नाही, याची खात्री नाही. आमच्या जिल्ह्यात अशा प्रकारची पदं भूषवणारी बरीच मंडळी असल्यानं मला यात फार नवल वाटलं नाही.

हे येतं बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या कुपीत. तळाशी चिकटलेली पांढरी पूड, तीही उजेडाकडे धरून शोधावी लागते. पहिली कुपी आली तेव्हा प्राचार्यांना वाटलं पार्सलवाल्यानं रिकामीच पाठवली. ही पूड कडक थंडीत, फ्रीझरमध्ये ठेवायची. वापरताना निर्जंतुक पाणी कुपीच्या भिंतीवरून हळूहळू सोडायचं. हलवायची नाही, पुन्हा पुन्हा गोठवायची नाही. मे महिन्यातल्या परभणीत हे सांभाळणं म्हणजे तव्यावर लोणी राखणं. वीज गेली की जनरेटर होता, पण त्याचं डिझेल संस्थेच्या कार्यक्रमांना जात असे. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मी ती कुपी थर्मासमध्ये बर्फ भरून घरी नेत असे. आमचे हे विचारायचे, "आज काय आणलंस, कुल्फी का?"

कुपीवर इंग्रजीत ठळक छापलेलं असे की हे फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी आहे, माणसासाठी नाही. ते वाक्य लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते हे वाक्य न वाचल्यामुळे नाही, वाचून सोडून दिल्यामुळे झालं.

आमचा प्रयोग साधा होता. मेंदूच्या लहरी मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून जुनी पद्धत. पांढऱ्या उंदराला झोपेचं नेहमीचं औषध द्यायचं आणि उताणा ठेवायचा. जागा उंदीर क्षणभरही उताणा राहत नाही, लगेच पालथा होतो. राहिला तर झोपला. परत पालथा झाला की उठला. निम्म्या उंदरांना आधी आपलं पेप्टाइड द्यायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कोण जास्त वेळ उताणं राहतं ते पाहायचं. मिठाच्या पाण्याचे उंदीर सगळ्यात महत्त्वाचे. ते नसतील तर झोप औषधानं आली की उंदीर आधीच दमला होता, हे कळायला मार्ग नाही.

आणि हे सगळं करण्याआधी समिती. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते. उंदीरच का, इतकेच का, त्यांना दुखू नये म्हणून काय करणार, पुढे त्यांचं काय होणार, सगळं लिहून द्यायचं. समितीत पशुवैद्य, शास्त्रज्ञ आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक बाहेरचा माणूस. आमच्याकडचे बाहेरचे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी मला अत्यंत गंभीरपणे विचारलं होतं, "उंदरांना उन्हाळ्याची सुट्टी देता का?" मला आधी हसू आलं, मग त्यांचं कौतुक वाटलं. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याबद्दल कुणी एवढं विचारलेलं नव्हतं.

एका स्थानिक पेपरात बातमी आली, 'परभणीत झोपेच्या औषधावर संशोधन'. बातमीदारानं 'उंदरांवर' हा शब्द गाळला होता, बहुधा जागेअभावी. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं सुरू. जिंतूरहून एक गृहस्थ म्हशीसाठी आले, म्हैस रात्रभर ओरडते म्हणून. एक तरुण सूनबाई आल्या. मी विचारलं, "तुम्हाला झोप येत नाही का?" त्या म्हणाल्या, "मला नको, सासूबाईला द्या. त्या झोपल्या की मला आपोआप येती." त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. असं गिऱ्हाईक दुकानदाराला रोज भेटत नाही.

मग भाऊसाहेबांचं बोलावणं आलं.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. कॉलेज त्यांचं, मानवतमधली कापूस पिंजायची जिनिंग मिल त्यांची, आणि आजूबाजूची बरीच जमीनही त्यांचीच. त्या साली ते बाजार समितीची निवडणूक हरले होते आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली होती. मी दुपारी त्यांच्या बंगल्यावर पोचले तर मला बराच वेळ ओसरीवर बसवून ठेवलं. "साहेब जरा पडल्यात," नोकरानं सांगितलं. आतून एसीचा आणि त्यावर ताण करणारा घोरण्याचा आवाज येत होता. शेवटी भाऊसाहेब डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, दोन महिने झाले, डोळ्याला डोळा न्हाई."

मी "अरेरे" म्हटलं. पगार तिथूनच होत होता.

"आमच्याच कॉलेजात झोपेचं औषध, आन् आमीच जागं. ह्ये बरं दिसतंय का?"

"ते औषध नाही, भाऊसाहेब. ते उंदरांवर तपासायला आणलंय."

"उंदराला काय टेन्शन हाय?"

मी त्यांना सगळं समजावलं. हे माणसाला द्यायची परवानगी नाही, याचा उपयोग होतो हेच सिद्ध नाही, झोपेसाठी चांगल्या डॉक्टरला दाखवा, दुपारचं पडणं कमी करा, संध्याकाळनंतर चहा घेऊ नका. चहाचं नाव निघालं तेव्हा त्यांच्या हातात कप होता. त्यांनी तो खाली ठेवला नाही.

मग ते एकदम हळू आवाजात बोलले, आणि त्या माणसाचं मला थोडं वाईट वाटलं. "डोळे मिटले की लोक दिसतेत मॅडम. आमच्या पंगतीला जेवलेले. सगळे माझ्याकडं पाठ करून बसल्यात."

मी म्हटलं, "याला पेप्टाइड नाही चालणार, भाऊसाहेब."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं पटलं. शिक्षकांना हा रोग असतो, समोरच्यानं मान हलवली की त्याला समजलं असं वाटतं.

भाऊसाहेबांना एक पुतण्या होता, पंकज. परभणीत त्याची जिम होती. शरीर कमावलेलं, केस खांद्यापर्यंत, आणि ज्ञान सगळं मोबाइलवरचं. दंड फुगवायच्या पावडरी तो इंटरनेटवरून मागवायचाच, सुया टोचायचीही सवय होती. त्यानं माझं पेप्टाइड इंटरनेटवर शोधून काढलं. 'फक्त संशोधनासाठी' असं लिहून ही कुपी विकणारी दुकानं तिथं भरपूर आहेत. कोण संशोधन करतो, कशावर करतो, हे ती विचारत नाहीत. पंकजनं भाऊसाहेबांसाठी कुप्या मागवल्या. आत खरंच तेच पेप्टाइड होतं की दुसरं काही, ते देव आणि तो दुकानदार जाणे.

पण भाऊसाहेब सावध माणूस. न तपासलेली वस्तू ते अंगाला लावून घेत नसत. ते पंकजला म्हणाले, "आधी गंगाधरला देऊन बघ."

गंगाधर त्यांच्या जिनिंगचा रात्रीचा राखणदार. मूळचा राणीसावरगावचा. तरुणपणी दर दिवाळीनंतर बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा. मोळ्या वाहून पाठ गेली तेव्हा मुकादमानं नाव काढून टाकलं आणि तो इथं लागला. रात्रभर कापसाच्या गंजीभोवती फिरायचं आणि सकाळी जिनिंगच्या मागच्या पत्र्याखाली बाज टाकून झोपायचं. मशीनचा खडखडाट कानाशी, कापसाचे तंतू हवेत, आणि हा बिनघोर झोपलेला. भाऊसाहेब जिनिंगवर आले की त्याच्याकडे बघत उभे राहायचे. त्यांना त्याचा मत्सर वाटायचा, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. "आमी एसीत जागं, आन् ह्यो लोखंडाच्या आवाजात मेल्यावानी पडतोय."

तर अशा माणसावर झोपेच्या औषधाची चाचणी झाली. पंकजनं सकाळी, राखण संपवून आलेल्या गंगाधरला "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून दंडात सुई दिली. गंगाधर थोड्याच वेळात झोपला. प्रयोग यशस्वी. खात्री म्हणून पुढचे काही दिवस रोज दिली. रोज झोपला. मिठाच्या पाण्याचा उंदीर असता तर तोही हसून पालथा झाला असता.

आमच्या उंदराला सुई लावायची तर समितीची परवानगी, पशुवैद्याची सही, आणि सुट्टीची चौकशी. गंगाधरला लावायला भाऊसाहेबांनी चहा पिता पिता उच्चारलेलं एक वाक्य पुरलं.

मला हे सगळं कळलं ते पंकज माझ्या विभागात आला तेव्हा. सकाळचं प्रॅक्टिकल चालू होतं. तो थेट आत आला, खिशातून कुपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, काकांना आजपासून चालू करायचंय. वजनाप्रमाणं किती घ्यायचं तेवढं सांगा."

मी कुपी उचलून पाहिली. "ही कुठून आणली?"

"ऑनलाइन. टेन्शन घेऊ नका, टेस्ट झालीय. गंगाधरला दिलं. एकदम ओके."

"कोण गंगाधर?" तोवर मला त्याचं नाव माहीत नव्हतं, भाऊसाहेब त्याला 'आमचा राखणदार' म्हणायचे. पंकजनं सांगितलं. मी विचारलं, "आता कसा आहे तो?"

"झोपलाय."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून," पंकज कौतुकानं म्हणाला. "उठेचना. लय पॉवरफुल हाय मॅडम."

काही मिनिटांत तुकडे होणारा पदार्थ माणसाला दिवसभर झोपवत नाही. मुलांना मी तिथंच प्रॅक्टिकल बंद करायला सांगितलं, कुपी पर्समध्ये टाकली आणि पंकजच्याच गाडीत बसून मानवत गाठलं. वाटेत विचारलं, पूड कशात मिसळलीस? "पाण्यात." कसल्या? "जिममधल्या जारच्या. फिल्टरचं हाय, आमी तेच पितो." सुई? "एकाच माणसाला द्यायची म्हणून तीच वापरली. धुऊन फ्रिजमधी ठेवतो ना." हे सांगताना त्याच्या आवाजात काटकसरीचा अभिमान होता.

गंगाधर पत्र्याखाली बाजेवर होता. उन्हानं पत्रा भाजत होता आणि तो दोन वाकळांखाली थरथरत होता. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मी वाकळ बाजूला केली. उजवा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत भोपळ्यासारखा सुजून लाल झाला होता. हात लावला तर तो कण्हला, पण ओळख नव्हती. तीही झोपच होती म्हणा. तिच्यात माणूस उताणा राहतो आणि पालथा होत नाही.

जिनिंगमधल्या दोघा कामगारांनी त्याला उचलून गाडीत घातलं. पंकजनं भाऊसाहेबांना फोन लावला. भाऊसाहेबांनी विचारलं, "मॅडम तिथं काहून गेल्या?" माणसाचं काय झालं, हा प्रश्न दुसरा आला. मग त्यांनी सांगितलं की ओळखीच्या डॉक्टरकडे न्या. मी पंकजला म्हटलं, "सरकारी दवाखान्यात चल." त्यानं गाडी हलवली नाही. मी म्हटलं, "नाहीतर मी रस्त्यावर उतरते आणि दुसरी गाडी थांबवते, आणि थांबवलेल्या माणसाला सगळं सांगते." तेव्हा त्यानं गिअर टाकला.

परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी हात बघून लगेच विचारलं, "काय टोचलंय?"

पंकज म्हणाला, "बी-कॉम्प्लेक्स."

मी पर्समधून कुपी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि काय, कसं, कुठल्या पाण्यातून, हे सगळं सांगितलं. पंकज भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलायला लागला. डॉक्टरबाईंनी कुपीवरची ओळ वाचली, पंकजकडे पाहिलं, मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मी यांच्या कॉलेजात शिकवते," मी म्हटलं. ते वाक्य उच्चारतानाच मला कळलं होतं की आता ते फार दिवस खरं राहणार नाही.

जंतू रक्तापर्यंत पोचले होते. दंडातला पू काढायला मोठी चीर द्यावी लागली. आणखी उशीर झाला असता तर हात ठेवता आला नसता, आणि हातावरच भागलं असतं असंही नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पोलिसांत नोंद झाली. ती अजून नोंदच आहे.

दुसऱ्या दिवशी गंगाधरची बायको रुक्मिण राणीसावरगावहून आली. उंच, काटक बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. नवऱ्याजवळ बसली, कपाळाला हात लावून पाहिला आणि मग माझ्याकडे वळली.

"ह्येनला काय टोचलं?"

मी सांगितलं. उंदरांवर तपासायची एक वस्तू असते, ती माणसाला द्यायची नसते, ती दिली.

"उंदराला टोचायच्या आधी तुमी कुणाला इचारता का?"

"हो. समिती असते. तिनं परवानगी दिल्याशिवाय हात लावता येत नाही."

तिनं थोडा विचार केला. आवाज चढवला नाही. "मंग आमचं बी नाव घाला की त्यात. उंदरात."

मी वर्षानुवर्षं नैतिकता हा विषय दुसऱ्या सत्राला शिकवला. मी तिच्यासाठी खालून चहा आणला, एवढंच.

गंगाधर वाचला. आणि तो वाचल्याबरोबर संस्थेनं चौकशी समिती नेमली. विषय होता, महाविद्यालयातील रसायन बाहेर गेलेच कसे. जो प्रश्न कुणाला पडला नव्हता त्याचं उत्तर शोधायला तिघं बसले. आमचे प्राचार्य, भाऊसाहेबांचे मेहुणे, आणि भाऊसाहेबांचे वकील. निःपक्षपातीपणाची इतकी काळजी घेतली होती की भाऊसाहेब स्वतः समितीत नव्हते.

मी त्यांना फ्रीझर उघडून दाखवला. आमच्या सगळ्या कुप्या जागेवर होत्या, पंकजच्या कुपीची कंपनी वेगळी होती. मेहुणे म्हणाले, "लेबल काय, कुणी बी बदलतं." प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. त्यांना मी जवळजवळ माझ्या नोकरीएवढीच वर्षं ओळखत होते आणि त्या सगळ्या काळात कठीण प्रसंगी ते खिडकीबाहेरच बघत आले.

साक्षीला गंगाधरला बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्याच्याकडे निरोप गेला होता, हे मला रुक्मिणनं कॉलेजच्या दारातच सांगितलं. मॅडमनं इंजेक्शन दिलं असं म्हण, कॉलेजात शिपायाची कायमची जागा देतो. पाठ गेलेल्या, हात अधू झालेल्या माणसाला कायमची जागा म्हणजे काय, हे मी ओळखून होते. मी तिला म्हटलं, "त्यांना जे बरं वाटेल ते सांगू दे. मी वाईट वाटून घेणार नाही." हे मी मोठेपणानं म्हटलं, पण ते खरं नव्हतं. मीही संसारी बाई होते. निवृत्तीला थोडा काळ राहिला असताना असा डाग घेऊन मला घरी जायचं नव्हतं.

गंगाधर आत आला. हात गळ्यात अडकवलेला. खुर्ची दिली तरी बसला नाही. वकिलांनी प्रश्नच असा विचारला की उत्तर त्यातच होतं. "या मॅडमनी तुला सुई दिली, बरोबर?"

गंगाधरनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मेहुणे म्हणाले, "बोल की गंगाधर. भिऊ नगंस."

"पंकजमालकानं दिली," तो म्हणाला.

"नीट आठव. तू तापात होतास."

"पयल्या दिवशी ताप नव्हता साहेब. उंदराला कळत नसंल सुई कुणी टोचली. मला कळतंय की."

प्राचार्यांनी पहिल्यांदाच खिडकीकडून तोंड फिरवलं.

समितीचा निष्कर्ष मात्र वाचण्यासारखा होता. रसायन कुठून आले हे निश्चित सांगता येत नाही. साक्षीदाराच्या स्मृतीवर सदर रसायनाचा विपरीत परिणाम झालेला दिसतो, सबब त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. ज्या पेप्टाइडचा परिणाम जगभरचे शास्त्रज्ञ इतकी वर्षं ठामपणे दाखवू शकले नाहीत, तो आमच्या तिघांनी एका दुपारी, एकही उंदीर न वापरता सिद्ध केला. याचा शोधनिबंध झाला नाही, याची मला हळहळ आहे.

मला काढलं नाही. काढायचं तर विद्यापीठाला कारण कळवावं लागलं असतं. माझ्याकडून विभाग काढला आणि 'गुणवत्ता सुधारणा' नावाच्या खोलीत बसवलं, जिथं जुन्या फायलींना नवी कव्हरं घालतात. प्रयोग बंद झाला. राहिलेल्या उंदरांना दुसऱ्या कॉलेजात पाठवलं, रीतसर परवानगी घेऊन. आमच्या हाती आलेल्या आकड्यांवरून पेप्टाइडनं झोप वाढते असंही म्हणता येत नव्हतं आणि वाढत नाही असंही. अजून थोडे उंदीर झाले असते तर एक प्रामाणिक 'नाही' तरी हाती आला असता. शास्त्रात त्यालाही किंमत असते. तो 'नाही' माझा राहून गेला. पुढच्या स्नेहसंमेलनाला त्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम ठेवलेलं पाहिलं. चांगलं घट्ट राहिलं होतं.

गंगाधरची नोकरी गेली, हे सांगायला नकोच. सोनपेठला रुक्मिणच्या भावाचं चहाचं हॉटेल आहे, ती दोघं तिकडे गेली. माझं माहेर सोनपेठचं. एकदा बाजाराच्या दिवशी मी तिथं थांबले. गंगाधर डाव्या हातानं कप विसळत होता. उजव्या हाताची मूठ पुरती मिटत नाही. मला बघून हसला, बाकडं फडक्यानं पुसून दिलं. चहा त्यानंच आणला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून गेला.

मी रुक्मिणला विचारलं, "बरे आहेत ना?"

"हात हाय तसा हाय," ती म्हणाली. "झोप तेवढी गेली बघा. आधी कुठं बी पडायचे. उसाच्या फडात, बैलगाडीखाली, कुठं बी. आता जवळून कुणी गेलं तरी दंड धरून उठून बसतेत. मी सुदीक हात लावला तर इचारतेत, कोण हाय?"

"डॉक्टरांना दाखवलं का?"

"डॉक्टर सुई म्हनला, आन् ह्ये तिथूनच माघारी."

तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर रागावली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. संस्थेनं निरोप समारंभ केला. संस्था याबाबतीत कमी पडत नाही. पंकज आता संस्थेचा संचालक आहे, त्यानं प्रास्ताविक केलं. प्राचार्यांनी माझ्या शिस्तीबद्दल सांगितलं. भाऊसाहेब पुढची निवडणूक जिंकले होते, फेटा बांधून आले होते, आणि डोळ्यांखाली मात्र तशीच काळी वर्तुळं. म्हणजे हरण्यामुळे झोप गेली होती असंही नव्हतं.

त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटोसाठी आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो. फोटोवाला कॅमेरा जुळवत असताना भाऊसाहेब माझ्याकडे झुकले आणि ओठ फारसे न हलवता म्हणाले, "मॅडम, झोपेचं दुसरं काही निघालंय का?"

मी म्हटलं, "नाही, भाऊसाहेब. आणि गंगाधरचीही झोप गेलीय."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. त्यात लबाडी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

"कोण गंगाधर?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, जरा इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "आन् थोडं हसा."